कोणत्या सालची गाडी?

आजचं वाचन : ईशावास्योपनिषद, मंत्र पहिला.

हा मंत्र आपल्यापैकी पुष्कळांना पाठ असतो, आणि पाठ असल्यामुळेच म्हणताना आपण कुठे थांबत नाही. अर्थ थोडक्यात असा : या सरकत्या जगात जे काही आहे ते ईश्वराने व्यापलेलं आहे, म्हणून सोडून देऊन भोग, हाव धरू नकोस. १९३७ साली त्रावणकोरच्या दौऱ्यात गांधीजी या एका मंत्रावर बोलले होते. बाकी सगळी शास्त्रं नाहीशी झाली आणि एवढाच मंत्र लोकांच्या स्मरणात उरला तरी पुरे, असं त्यांचं म्हणणं होतं.

मला आज त्यातल्या दोन जागी थांबायचं आहे.

पहिली जागा ‘भुञ्जीथाः’ या शब्दाची. आपण सरळ ‘भोग घे’ म्हणतो. शंकराचार्य भाष्यात त्याचा अर्थ ‘पालन कर’ असा देतात. भुज् धातूचे दोन्ही अर्थ आहेत, उपभोगणं आणि राखणं. पाणिनीचं सूत्र असं की राखण्याचा अर्थ नसेल तेव्हा या धातूला आत्मनेपद लागतं, आणि मंत्रातलं रूप आत्मनेपदी आहे. म्हणजे व्याकरण भोगाकडे बोट दाखवतं आणि आचार्य राखण्याकडे. मी सॉफ्टवेअरवाला. दिवसातला अर्धा वेळ दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला जुना कोड चालता ठेवण्यात जातो, त्यामुळे आचार्यांचा अर्थ मला जवळचा वाटतो. पण तो सोपा नाही.

दुसरी जागा शेवटची, धनाची. तिथेही आचार्य दोन वाटा दाखवतात. एक : कुणाच्याही धनाची हाव धरू नकोस. दुसरी : हाव धरू नकोस, कारण धन आहे तरी कुणाचं? पहिल्या वाटेने गेलं तर मालक ठरलेला आहे, फक्त तो आपण नाही. दुसऱ्या वाटेने गेलं तर मालकच सापडत नाही.

२०२३ साली हे दोन्ही प्रश्न माझ्यापुढे एका स्कूटरच्या रूपाने उभे राहिले. आज थोडं लांब लिहितो, सांभाळून घ्या.

बजाज चेतक. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव असलेली, आकुर्डीच्या कारखान्यात १९७२ पासून बनलेली. एके काळी हिच्यासाठी नंबर लावून दहा-दहा वर्षं थांबावं लागे. आमच्या बोरिवलीच्या घरी ती १९९० साली आली, तोवर रांग बरीच कमी झाली होती. पांढरी होती. मी तेव्हा दोन वर्षांचा. पुढे फूटबोर्डवर उभं राहून दोन्ही हातांनी हँडलचा मधला भाग धरायचा ही माझी जागा, मागे आई एका बाजूला पाय सोडून आणि तिच्या मांडीवर ताई. डाव्या हाताची मूठ फिरवून बाबा गिअर टाकायचे तेव्हा होणारा ‘खट्’ आवाज मला अजून ऐकू येतो. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, प्लगला काजळी धरली की पॉलिशपेपरने घासायचा, सकाळी चालू होत नसेल तर गाडी एका बाजूला कलती करून मग किक मारायची. ज्यांच्या घरी चेतक होती त्यांना हे सगळं सांगावं लागणार नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमची सोसायटी दहिसर नदीपासून लांब नाही. चेतक सीटपर्यंत पाण्यात होती. पाणी उतरल्यावर बाबांनी मेकॅनिकला दाखवली, त्याने खर्च सांगितला आणि बाबांनी ती त्यालाच विकून टाकली. तोवर पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशनही संपत आलं होतं. मी कॉलेजात होतो, मला मोटारसायकल हवी होती, मी विशेष काही म्हटलं नाही.

मग अठरा वर्षं गेली. २०२३ च्या फेब्रुवारीत ऑफिसातल्या एका मित्राच्या घरी आसल्फ्याला सत्यनारायण होता. घाटकोपर मेट्रोने जाणाऱ्यांना आसल्फ्याचा डोंगर माहीत असेल, रंगवलेल्या घरांचा. गल्लीच्या पायऱ्या चढताना एका जिन्याखाली ताडपत्रीतून स्कूटरचं मागचं टोक बाहेर आलेलं दिसलं. निळी गाडी. मागे सळयांचा मोठा कॅरिअर वेल्ड केलेला. मी पुढे गेलो असतो, पण नंबरप्लेट दिसली. एमएच ०२ आणि पुढचे आकडे. लहानपणी पाठ केलेला नंबर माणूस विसरत नाही. स्वतःच्या बँकेचा पिन मी दोनदा विसरलोय.

प्रसाद घेऊन खाली आलो, मित्राला बरोबर घेतलं आणि दार वाजवलं. दार उघडलं त्या बाई पन्नाशीच्या पुढच्या. मूळ कऱ्हाडकडच्या. त्यांच्या यजमानांची खाली रस्त्यावर लाँड्री होती. २००५ च्या दिवाळीत त्यांनी ही स्कूटर एका मेकॅनिककडून घेतली, लाँड्रीच्या दाराला जो निळा रंग होता तोच तिला दिला, इस्त्रीच्या कपड्यांचे गठ्ठे राहावेत म्हणून कॅरिअर लावून घेतला आणि शेवटपर्यंत तीच चालवली. करोनाच्या पहिल्या वर्षी ते गेले. गाडी तेव्हापासून जिन्याखाली.

मी माझी ओळख सांगितली, गाडीचीही सांगितली. मावशींनी चहा ठेवला. मग मी विचारलं, विकणार का? आणि आकडाही बोललो. जरा जास्तच बोललो, नाही म्हणता येऊ नये असा.

त्या म्हणाल्या, “विकायची असती तर भंगारवाला दोनदा येऊन गेला. तुम्ही चहा घ्या.”

घरी येऊन बाबांना सांगितलं तर त्यांचे डोळे चमकतील असं मला वाटत होतं. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, “चालते का?” नाही म्हटलं. “मग त्यांच्याकडे जागा अडवून आहे. देतील कधीतरी.” मी म्हटलं, “बाबा, आपली गाडी आहे ती.” तर म्हणाले, “आपली कशी? मी पैसे मोजून घेतले होते.”

आता बघा, हिशेब सरळ आहे. बाबांकडे १९९० ते २००५, पंधरा वर्षं. त्या गृहस्थांकडे २००५ ते २०२०, तीही पंधरा. बाबांनी तिच्यावर आम्हाला शाळेत सोडलं. त्यांनी तिच्यावर शेकडो घरांचे कपडे पोचवले, मुलीला दहावीच्या परीक्षेला नेलं, मावशींना ताप चढला तेव्हा राजावाडीला नेलं. माझ्याकडे लहानपणाचा हक्क होता, त्यांच्याकडे पोटापाण्याचा. जिन्याखाली मी तिच्याकडे बघितलं तेव्हा मला मात्र निळा रंग दिसलाच नव्हता. म्हणजे दिसला, पण पांढऱ्यावर चढलेलं काहीतरी म्हणून.

डोक्यात पहिल्या दिवसापासून एकच चित्र होतं. गाडी आणायची, निळा रंग उतरवायचा, कॅरिअर कापून टाकायचा आणि १९९० सालची पांढरी चेतक उभी करायची. आजकाल असं पुष्कळ लोक करतात आणि त्यात काही वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण शब्द काय वापरतो आपण? ‘रिस्टोअर’. माझ्या धंद्यात डेटाबेस रिस्टोअर करायचा तर आधी वेळ द्यावी लागते : अमुक तारीख, अमुक मिनिट. त्या मिनिटानंतर ज्या ज्या नोंदी झाल्या त्या गेल्या. त्या खोट्या होत्या म्हणून नाही, त्या आपण निवडलेल्या वेळेच्या पुढच्या होत्या म्हणून. बँकेच्या सिस्टिमवर असं करण्याआधी दहा लोकांची परवानगी लागते, कारण त्या नोंदी कुणाच्या तरी पगाराच्या असतात. मी जी तारीख निवडत होतो तिच्यापुढच्या सगळ्या नोंदी मावशींच्या घरच्या होत्या.

इथे कुणी म्हणेल, अरे, एवढं काय, लोखंडाची वस्तू आहे. पत्रा बदलला, इंजिन बदललं की जुनी गाडी राहिलीच कुठे? हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला विचारतो की तू रथातून आलास ना, मग रथ कुठला ते दाखव. चाक म्हणजे रथ का? आस? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. या सगळ्यांच्या जुळणीला आपण ‘रथ’ हे नाव देतो, एवढंच उरतं. बोरिवलीत राहणाऱ्याला कान्हेरीच्या लेण्यांत बसून हे वाचता येतं, मी एकदा वाचलंय. गीतेत दुसऱ्या अध्यायात जुनी वस्त्रं टाकून नवी घेण्याचा दृष्टांत आहे तो सर्वांना माहीत आहे. तिथे उलट आहे : कपडे बदलतात, घालणारा तोच. स्कूटरच्या आत मात्र घालणारा कुणी नाही.

आपल्या आरटीओचं उत्तर सगळ्यात सुटसुटीत. गाडी म्हणजे दोन नंबर, एक चासीवर ठोकलेला आणि एक इंजिनवर. ते आरसी बुकाशी जुळले की गाडी तीच. २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. त्यात पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी गाडी लागते आणि ती मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. आमची चेतक त्यात बसतच नाही, तेहतीस वर्षांची पोर ती. पण ‘मूळ रूप’ हा शब्द बघा. सरकारच्या लेखी कारखान्याच्या दारातून निघाली ते मूळ. पुढचा सगळा फेरफार.

माणसाच्या बाबतीत आपण असं म्हणू का? माझी आई साठीची आहे. तिचं मूळ रूप कोणतं? लग्नाच्या फोटोतलं?

असो. मी महिनाभर आसल्फ्याला गेलो नाही. रोजचं वाचन चालू होतं, आणि या मंत्रापाशी आल्यावर शेवटचा प्रश्न मला पहिल्यांदा प्रश्न म्हणून ऐकू आला. धन कुणाचं आहे तरी? ‘माझं नाही, मावशींचं’ असं म्हणून मी मोकळा होऊ शकत होतो आणि गाडी जिन्याखाली गंजत राहिली असती. ती पहिली वाट. ती चुकीची नाही, पण तीत राखणं कुठेच येत नाही. अडलेलं इंजिन पावसाळ्यागणिक अजून अडतं. कुणाचीही हाव न धरता एखादी वस्तू नीट मरू देता येते.

मार्चमध्ये पुन्हा गेलो आणि वेगळं विचारलं. म्हटलं, “मावशी, गाडी तुमचीच राहू दे. मी ती चालू करून देतो. चालेल?”

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. मुलाला विचारते म्हणाल्या. मुलगा एका कुरिअर कंपनीत आहे. त्याला आधी वाटलं यात काहीतरी गोम आहे, आणि त्याचं बरोबर होतं, मीही तसंच समजलो असतो. रविवारी त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, “दादा, तुम्हाला यातून काय?” मी म्हटलं, कधीतरी माझ्या वडिलांना एक चक्कर मारू दे. तो म्हणाला, बस? मी म्हटलं, बस. खरं तर एवढ्यावर माझं समाधान होईल याची मला त्या दिवशी खात्री नव्हती.

गाडी टेम्पोत घालून साकीनाक्याच्या एका जुन्या मेकॅनिककडे नेली. चाचांनी किक दाबून बघितली, ती हलली नाही. “पिस्टन जाम.” इंजिन खोलल्यावर यादी सुरू झाली. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा, क्रँकच्या बेअरिंगा, ऑइल सील सगळी, क्लचप्लेटा, सगळ्या केबली. टाकीत गंजाचा चिखल. कार्बोरेटर स्पाकोचा, तो तीन दिवस भिजत ठेवून साफ केला. फूटबोर्डला पुराच्या वेळचं भोक होतं, त्यावर एक पत्रा ठोकलेला, त्याखाली अजून गंज. बजाजने स्कूटर बनवणं सोडायचं २००९ मध्येच जाहीर केलं, त्यामुळे काही भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारात शोधावे लागले. ते शनिवार मला फार आवडले, पण त्यावर लिहायला बसलो तर मंत्र राहून जाईल.

इंजिन झालं आणि चाचा म्हणाले, “साब, अब बॉडी. किस साल का बनाऊं? नब्बे का बनाना है, या जैसा है वैसा?”

मी फोन लावला मावशींना. रंग निळाच ठेवायचा हे मी मनाशी ठरवलं होतं, आणि कॅरिअरसुद्धा. त्यांच्या यजमानांनी पंधरा वर्षं ज्याच्यावर गठ्ठे वाहिले तो कॅरिअर कापायचा मला काय अधिकार? असा सगळा विचार करून मी म्हटलं, “मावशी, निळा रंग देतो, आणि कॅरिअर पण तसाच ठेवतो.”

त्या म्हणाल्या, “कॅरिअर काढा तो.”

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

“काढा. त्याच्यापायी त्यांची पाठ गेली. मागं बसायला कधी नीट जागा नाही मिळाली मला, सळई टोचायची. सीट लांब करा. रंग निळा ठेवा. सीटकव्हरचे पैसे मी देणार.”

मी त्यांच्या आठवणींचा मान राखायला निघालो होतो, आणि त्या आठवणींत काय राखायचं ते मीच ठरवत होतो. पांढरा रंग हा माझा भोग होता हे मला कळलं होतं. कॅरिअर राखणं हाही एक भोगच, जरा सोवळ्यातला, हे मावशींमुळे कळलं. आचार्यांनी भोगाच्या जागी पालन हा शब्द ठेवला, पण पालन करणाऱ्यालाही मालकी चढते. मुलं मोठी होताना आईवडिलांना, देवस्थानच्या विश्वस्तांना, वडिलोपार्जित घर ‘सांभाळणाऱ्या’ भावाला ती कशी चढते ते आपण घरोघरी बघतो. सोडून देऊन राख, असं मंत्र म्हणतो तेव्हा सोडायचं काय? मला वाटतं, वस्तू तर सोडायचीच, पण ती कशी असावी याचं आपल्या मनातलं चित्रही सोडायचं. हे दुसरं सोडणं मला अजून अर्धंच जमलंय. निळ्या रंगाची छटा मी चाचांकडून चार वेळा बदलून घेतली, मावशींनी एकदाही मागितलं नव्हतं तरी.

रंग खरवडताना निळ्याखाली पांढरा निघाला. चाचांनी सगळा काढला, काढावाच लागतो, नाहीतर नवा धरत नाही. फक्त पुढच्या डिकीच्या आत कुणीच कधी रंग दिला नव्हता, तिथे मूळ पांढरा राहिला होता. त्यावर हळदकुंकवाचे डाग आणि जोतिबाचं एक स्टिकर. डाग आमच्या दसऱ्यांचे किती आणि त्यांच्या दसऱ्यांचे किती हे सांगता येणार नाही. मावशींना विचारलं, आतला भाग तसाच ठेवू? या वेळी विचारलं. त्या म्हणाल्या, राहू दे.

कागदपत्रांना गाडीपेक्षा जास्त वेळ लागला. मालक वारल्यावर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, रजिस्ट्रेशन वाढवायला फॉर्म २५, वर ग्रीन टॅक्स. २०२२ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या दुचाकीला नूतनीकरणाची फी तीनशेची हजार झाली होती. इन्स्पेक्टरने टॉर्च मारून चासी आणि इंजिनचा नंबर बघितला. दोन्ही जुळले. आरसीवर आता मावशींचं नाव आहे, त्यांच्या नावावर झालेली ही पहिली गाडी.

दसऱ्याला, २४ ऑक्टोबरला, बाबांना घेऊन आसल्फ्याला गेलो. झेंडूचा हार घालून गाडी रस्त्यावर उभी होती. मावशींनी ओवाळलं. बाबांनी चष्मा वर करून सगळीकडून बघितली आणि मुलाला म्हणाले, “रंग चांगला निवडला वडिलांनी. पांढऱ्यावर डाग फार दिसायचे.” मग गुडघे दुखतात म्हणून चालवायला नको म्हणाले आणि मागे बसले. मुलगा पुढे. किक तिसऱ्या दमात लागली. मी आणि मावशी रस्त्याच्या कडेला उभे होतो. ती दोघं लिंक रोडच्या वळणापलीकडे गेली तरी धूर बराच वेळ तिथेच होता. मावशी म्हणाल्या, “ऑइल जरा जास्त घातलंय त्यानं. सांगते त्याला.”

उद्या मंत्र दुसरा, शंभर वर्षं कर्म करत जगण्याविषयीचा. आधी एकदा वाचून या.

राम कृष्ण हरि.